लाकडावरची पांढरी रेघ

लाकूड किती कठीण आहे, हे सुताराला रंधा मारताना हातालाच कळते. व्यापाराला मात्र आकडा लागतो. तो मिळवण्याची रीत ऑस्ट्रियातील लाकूडतज्ज्ञ गाब्रिएल यांका यांनी १९०६ साली घालून दिली. ११.२८ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा लाकडात अर्धा रुतेपर्यंत दाबायचा आणि त्याला किती भार लागला ते मोजायचे. व्यास असा आडनिडा निवडण्यामागे हिशेब होता : अर्ध्या रुतलेल्या गोळ्याचे वर्तुळ एक चौरस सेंटिमीटर भरते. अमेरिकेत हा भार पौंडांत सांगतात. सागाला साधारण १०००, तिथल्या तांबड्या ओकला १२९०, ब्राझीलच्या जटोबाला २३५० च्या आसपास आणि ईपेला ३५०० च्या घरात. ईपे तर इतके घन, की पाण्यात टाकले तर तळाशी जाते.

अमेरिकेत घरांच्या लाकडी जमिनीसाठी ही परदेशी लाकडे विकताना हाच आकडा पुढे केला जातो. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनी ओक बाजूला सारून जटोबा पसंत केले, ते तो पाहूनच. उंबऱ्याशी चपला सोडण्याची सवय समुद्र ओलांडूनही त्या घराची सुटली नव्हती. तेव्हा जमिनीला भय कसले? तरीही चार महिन्यांच्या आत जेवणाच्या मेजापासून खिडकीपर्यंत एक पांढरी रेघ उमटली. खुर्ची ओढली गेली होती आणि तिच्या पायाखाली वाळूचा एक कण होता. गृहस्थांना ती रेघ फसवणुकीसारखी वाटली.

फसवणूक कोणी केली नव्हती. यांकाचा गोळा सावकाश, सरळ खाली दाबला जातो. तो ओढला जात नाही. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. भार पडला की नळ्या चेपतात आणि खळगा पडतो. जटोबाच्या नळ्यांच्या भिंती जाड असल्याने ते सहज चेपत नाही, एवढेच तो आकडा सांगतो, आणि ते खरेच आहे. हातातून निसटलेला वरवंटा ओकवर जेवढी खूण करील तेवढी जटोबावर करणार नाही. पण ओरखडा ही वेगळी गोष्ट. तो बहुधा लाकडापर्यंत पोहोचतच नाही. वरच्या पारदर्शक लेपातच राहतो. वाळूतली गारगोटी पोलादालाही चरे पाडते, तिथे त्या पातळ लेपाचा काय पाड! चरा पडलेल्या जागी प्रकाश विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. फिक्या, ठळक रेषांच्या ओकवर ती लपून जाते. जटोबाच्या गर्द तांबूस अंगावर मात्र ती दारातूनच दिसते. महागडे लाकूड अशा वेळी स्वतःच चुगली करते.

कारखान्यातून येणाऱ्या फळ्यांच्या लेपात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण घालतात. ते गारगोटीहूनही कठीण असतात आणि लेप वर्षानुवर्षे झिजू देत नाहीत. पण अशा लेपावर खोल चरा पडलाच, तर तेवढीच जागा दुरुस्त करणे फार अवघड, ठिगळ दिसते. उलट नुसते तेल मुरवलेली जमीन लवकर चरे घेते, आणि घरातलेच कोणी गुडघे टेकून, घासून, पुन्हा तेल चोळून ते बुजवते. कोकणातल्या आजीला हे तत्त्व सांगावे लागले नसते. तिची शेणाने सारवलेली जमीन जगातल्या कोणत्याही लाकडाहून मऊ होती. पाटाचा कोपरा लागून पोपडा निघे, उखळाशी खड्डा पडे आणि पुढच्या सारवणात सारे बुजून जाई. त्या जमिनीचा टिकाऊपणा कठीणपणात नव्हता, आजीच्या हातात होता. ओकवरचा साधा खळगाही, लेप आड येत नसेल तर, ओले फडके आणि गरम इस्त्री ठेवून पुष्कळसा उचलता येतो. चेपलेल्या नळ्या वाफेने फुगतात. मऊपणाची ही बाजू कोणत्याही आकड्यात मावत नाही.

या हव्यासाची किंमत जंगलात मोजली जाते. ईपेची झाडे ॲमेझॉनच्या रानात दाटीने वाढत नाहीत. दूरदूर, एकेकटी उभी असतात. एका दिवाणखान्यापुरती ईपे मिळवायची, तर रानात लांबवर वाट पाडावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामात भरलेल्या परिषदेत ईपेचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आणण्याचे ठरले, आणि २५ नोव्हेंबर २०२४ पासून ते अमलात आले. मुंबईत विक्रोळीजवळ द्रुतगती मार्गाच्या कडेने गुलाबी फुलांनी लगडणारी टॅबेब्युयाची झाडे या ईपेची जवळची भावंडे; २००७ पर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांना एकाच प्रजातीत गणत. त्या फुलांखालून जाणाऱ्याला त्यांत फळ्या दिसत नाहीत, हे बरेच आहे.

न्यू जर्सीतल्या गृहस्थांनी खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावल्या, दारात जाड पायपुसणे टाकले आणि रेघेवर गालिचा अंथरला. जटोबा उजेडाने गडद होत जाते, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. वर्षाने गालिचा उचलला, तेव्हा भोवतालची जमीन लालभडक झाली होती. मध्ये एक फिका चौकोन राहिला होता, आणि त्याच्या आत ती रेघ.