आमचा आगगाडीचा धंदा

ज्या गांवीं आगगाडी नाहीं त्या गांवच्या माणसानें आगगाडीच्या छायाचित्रांवर पोट भरावें, हें ऐकून आमचे सोयरे अजूनही हसतात. आम्ही पाटोद्याचे. बालाघाटाच्या ज्या पठारावर गवखडीपाशीं मांजरा नदी उगम पावते, तो हा तालुका. नदी येथून निघते ती दूर गोदावरीस मिळावयास जाते. आमच्या भागांतील माणसेंही दर दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन तशींच दूर निघून जातात. लोखंडी रस्ता मात्र आमच्या वांट्यास आला नव्हता. आगगाडी आम्हीं पाहिली ती प्रथम पाठ्यपुस्तकांतील चित्रांत. खरी पाहिली ती वयाच्या बाराव्या वर्षीं, कुर्डुवाडीस, पंढरपुराहून परततांना. ती त्या वेळच्या धाकट्या रुळांची गाडी होती. आईनें हात धरून ओढीपर्यंत आम्ही फलाटावरून हाललों नाहीं.

शाळेच्या वार्षिकासाठीं लेख मागतांना संपादकांनीं "मुलांस उपयोगी पडेल असें लिहा" म्हणून बजावलें आहे. उपयोगाचें कितपत निघतें तें पाहूं.

आमचा धंदा थोडक्यांत असा: आम्ही कोणाचे पगारी नोकर नाहीं. आगगाड्या, पूल, बोगदे, स्टेशनें यांचीं छायाचित्रें काढावीं, त्यांसोबत लेख लिहावा, आणि जें नियतकालिक घेईल त्यास द्यावा. न घेतल्यास तो पेटींत ठेवावा. पेटी बरीच भरली आहे. कोणी विचारील, या कामीं चित्र मोठें कीं लेख? आमच्या अनुभवानें लेख. गाडीचें चित्र आज ज्याच्या हातीं फोन आहे तो प्रत्येकजण काढतो. परंतु तो पूल कोणी बांधला, रूळ इतके अरुंद कां, हें सांगणारा विरळा. आमचा पहिला लेख छापला गेला तो कुर्डुवाडीच्या त्याच धाकट्या गाडीवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंजिनियरानें १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. गाडीच्या कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये, असा त्यानें हिशेब बसविला. त्यामुळें हलके रूळ घालूनही भरलेले डबे ओढतां येत. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या डब्यांतून पंढरीस गेल्या. आतां तो मार्ग रुंद झाला आहे. लेख छापून आला तेव्हां मानधनही आलें. त्यांतून कुर्डुवाडीच्या एका फेरीचें एस. टी. भाडें निघालें, आणि आम्हीं फेऱ्या चार केल्या होत्या.

हा धंदा आजकालचा आहे असें कोणी समजूं नये. बोरघाटांतून लोहमार्ग चढविण्याचा मक्ता घेऊन सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें सहकुटुंब मुंबईस उतरला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनें मक्ता सोडून दिला नाहीं. जाणते इंजिनियर नेमून तिनें तें काम तडीस नेलें. सुमारें १५ मैलांचा चढ, २५ बोगदे. १८६३ मध्यें घाट खुला झाला. या बाईंस छायाचित्रणाचा नाद होता, आणि घाटांतील कामाचीं तिनें काढलेलीं चित्रें आजही पाहावयास मिळतात. त्या काळीं कांचेवर ओलें रसायन पसरावें, तें वाळण्यापूर्वीं चित्र घ्यावें आणि लागलीच धुवावें, अशी रीत होती. म्हणजे अंधाऱ्या खोलीचा संसार बरोबर वागवीत डोंगर चढावयाचा. आमची पाठीवरची पिशवी जड वाटूं लागली कीं आम्ही या बाईंचें स्मरण करतों.

दुसरा आमचा मानसगुरु अमेरिकेंतील विन्स्टन लिंक. नॉरफोक अँड वेस्टर्न या रेल्वेवर वाफेचीं इंजिनें शेवटचे दिवस मोजीत असतां, १९५५ ते १९६० या काळांत, स्वतःच्या खर्चानें त्यानें त्यांचीं चित्रें काढलीं. आणि तींही बहुतेक रात्रीं, कारण सूर्य हलवितां येत नाहीं, दिवे हलवितां येतात. तारांनीं जोडलेले अनेक दिवे एकाच क्षणीं पेटवून तो सबंध गांव उजळीत असे. त्याच्या एका प्रख्यात चित्रांत उघड्यावरील सिनेमाच्या पडद्यावर विमान दिसतें आणि मागून इंजिन धांवतें. पडद्यावरील तें विमान त्यानें मागाहून दुसऱ्या चित्रांतून आणून बसविलें होतें, कारण दिव्यांच्या झोतांत पडदा कोराच उमटला होता. ही गोष्ट आम्हांस प्रथम कळली तेव्हां फसविल्यासारखें झालें. आज तितका राग येत नाहीं. तरी आम्ही स्वतः तसें करीत नाहीं.

मुलांस हिशेबाची गोडी असते, म्हणून एक उदाहरण देतों. ताशीं ७२ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत २० मीटर जाते. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा ५०० वा भाग उघडी राहिली तर तेवढ्यांत गाडी चार सेंटिमीटर सरकते. ६० वा भाग उघडी राहिली तर हातभर. म्हणून झडप तरी चपळ हवी, नाहीं तर गाडीच्या वेगानें कॅमेरा फिरविण्याचा सराव हवा. मग गाडी स्पष्ट उमटते आणि मागचीं झाडें पुसट होतात. गुरुजींनीं सांगितलेलें काळ-काम-वेगाचें गणित आमच्या कधीं कामास येईल, असें वर्गांत कोणास वाटलें नव्हतें; गुरुजींस तर मुळींच नाहीं.

पालकांसाठीं एवढें सांगणें अवश्य आहे कीं, चित्रासाठीं मुलांस रुळांवर जाऊं देऊं नये. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमान्वयें विनापरवाना रेल्वेच्या हद्दींत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. विजेच्या गाडीवरील तारेंत २५,००० व्होल्टांचा दाब असतो. तिला स्पर्शच व्हावा लागतो असें नाहीं, नुसतें फार जवळ जाणेंही पुरतें. आम्हीं उमेदवारीच्या काळांत एकदां एका पुलाखालीं हद्दीचा दगड ओलांडला आणि दिवसभर चौकींत बसलों. चूक आमची होती. तेव्हांपासून हद्दीबाहेरची टेकडी, रस्त्याचा पूल अथवा कोणाचें शेत एवढींच आमचीं ठिकाणें, शेतकऱ्यास विचारून.

याहून कडू अनुभव एका नियतकालिकाचा. त्यांनीं आमचें चित्र नांवावांचून छापलें, आणि पुढें दोन वेळां पुन्हा छापलें. पैसे मागावयास गेलों तर आमच्याच सहीचा कागद पुढें केला. तो आम्हीं न वाचतां सही करून दिला होता. १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्र काढणाऱ्याच्या हयातींत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें चित्राचा कॉपीराइट टिकतो. परंतु तो लिहून दिला कीं गेला, आणि कोणी मोबदला देऊन सांगून काढविलेलें चित्र तर, वेगळा करार नसल्यास, मुळांतच त्याचें होतें. हें आम्ही शिकलों तें अशी फी भरून.

आतां मूळ गोष्टीकडे येतों. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ मध्यें मंजूर झाला. आम्ही तेव्हां प्राथमिक शाळेंत होतों. अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्या वेळीं बैलगाडीवर ऊंस वाहत कारखान्याच्या तळावर असत. "रेल्वे आली म्हंजी कोयता सुटंल," असें ते म्हणत. रेल्वे येईना. अण्णांचे वीसाहून अधिक हंगाम गेले. आम्हांस कॅमेरा हवा झाला तेव्हां घरांत पैसा नव्हता. अण्णांनीं मुकादमाकडून जास्त उचल घेतली, आणि ती फेडण्यासाठीं आईसह एक हंगाम अधिक केला. "लोकाच्या गाडीचा फोटू काढून तुला पैसं कोण देणार?" एवढेंच त्यांनीं विचारलें होतें. त्याचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें.

नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरांचा टप्पा २३ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाला. पुढें रूळ आमच्याच तालुक्यांतील अमळनेरवरून गेले, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशीं, बीड ते अहिल्यानगर गाडी धांवली. सुमारें १६७ किलोमीटर. परळीपर्यंतचा मार्ग तेव्हां अद्याप पुरा व्हावयाचा होता. त्या दिवसासाठीं एका मासिकाशीं आमचा आगाऊ ठराव झाला होता, या खेपेस नीट वाचून. अमळनेरच्या अलीकडे एका ओळखीच्या शेताच्या बांधावर आम्ही सकाळपासून उभे राहिलों. अण्णा बरोबर आले होते. त्यांनीं धुतलेलें धोतर नेसलें होतें, आणि येणाऱ्याजाणाऱ्यास ते सांगत होते कीं, पोरगा फोटूसाठीं आला आहे.

पुष्कळ वेळ वाट पाहिली. अखेर दूरवर भोंगा वाजला. अण्णा उठून बांधावरून पुढें झाले आणि नेमके आमच्या चौकटींत येऊन उभे राहिले. "आली का रं?" त्यांनीं वळून विचारलें. आम्ही ओरडलों, "अण्णा, बाजूला सरका!" ते घाईनें सरकले, सरकतांना पाय घसरून चिखलांत एक गुडघा टेकला. त्याच वेळीं गाडी आली. आम्हीं अकरा चित्रें घेतलीं. अण्णांनीं मान वर केली तेव्हां शेवटचा डबा वळणाआड गेला होता.

तें चित्र छापलें गेलें. आजवरचें सर्वांत मोठें मानधन त्यासच मिळालें, आणि आम्ही अंक घेऊन घरीं आलों. अण्णांनीं चष्मा लावून बराच वेळ तें पान पाहिलें.

"ह्यात मी कुठं हुतो?" त्यांनीं विचारलें.

आम्हीं कागदाच्या डाव्या कांठाबाहेर, घोंगडीवर बोट ठेविलें. अण्णांनीं "बरं" म्हटलें, अंक नीट घडी करून देवळीत ठेविला आणि ते म्हशीस पाणी दाखवावयास गेले.

त्या गाडींत ते अजून बसलेले नाहींत. येत्या आठवड्यांत दोघांनीं अमळनेरहून नगरपर्यंत जावयाचें ठरलें आहे. कॅमेरा बरोबर न्यावा कीं नाहीं, याविषयीं घरांत एकमत नाहीं. अण्णा म्हणतात न्यावा.