स्थळप्रत

मुंबईत एका सरकारी कार्यालयात मी 31 वर्षं टंकलेखिका होते. पत्र टाइप करायचं, साहेबांच्या सहीला ठेवायचं, मूळ प्रत जावकला द्यायची आणि कार्बनखालची स्थळप्रत नस्तीला लावायची. मजकूर बोटांनी वाचायचा, आपण नाही. इतिहासाचा आणि माझा संबंध शाळेत सुटला तो सुटलाच.

मागच्या हिवाळ्यात लेकीकडे गेले, अमेरिकेतल्या यूटा राज्यात सेंट जॉर्जला. लाल डोंगर, त्यात एक पांढरंशुभ्र मॉर्मन मंदिर, आणि रविवारी रस्ते सामसूम. लेक-जावई कामावर, नात शाळेत. वेळ जाईना म्हणून वाचनालयात गेले आणि म्हटलं, इथल्या जुन्या गोष्टींचं काहीतरी द्या. मला वाटलं, चित्रंबित्रं असतील. तिथल्या बाईंनी दोन जाडजूड पुस्तकं हातात ठेवली. दोन्ही पत्रांचीच! एकात ज्युआनिटा ब्रूक्स यांची, त्या याच गावात राहायच्या. दुसऱ्यात डेल मॉर्गन यांची. दोघंही इतिहास संशोधक.

'ज्युआनिटा' वाचल्यावर नात हसली. "आजी, वनीटा म्हणतात." आमच्या आस्थापना शाखेत एक वनिता होती, तिचा डबा फार छान असायचा. तेवढ्यावरून मला बाई जवळच्या वाटल्या. बाकी सगळा अंधार.

पहिले आठ दिवस मी भलतंच समजत होते. पत्रात 'वॉर्ड' आलं की कुणाला इस्पितळात ठेवलंय असं वाटे. तो निघाला चर्चचा मोहल्ला, आणि असे काही वॉर्ड मिळून 'स्टेक'. मी स्टेक म्हणजे खायचा समजून बसले होते. मॉर्मन सगळे 'संत', आणि जो मॉर्मन नाही तो 'जेंटाइल', म्हणजे मीसुद्धा. जॉन डी. ली नावाच्या गृहस्थाच्या 19 बायका, त्यामुळे पत्रात 'लीचे नातेवाईक' आलं की अर्धा जिल्हाच डोळ्यांपुढे येई.

हा ली कोण, ते कळल्यावर मात्र हसू गेलं. 1857 म्हटलं की माझ्या डोक्यात मेरठ आणि झाशी. इथल्या लोकांच्या डोक्यात माउंटन मेडोज. सेंट जॉर्जच्या उत्तरेला थोड्या अंतरावरचं कुरण. त्या वर्षी 11 सप्टेंबरला आर्कान्सॉहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला मॉर्मन शिबंदीने पांढरं निशाण दाखवलं, सुखरूप सोडतो म्हणून शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि सुमारे 120 माणसं मारली. 17 लहान मुलं तेवढी वाचली. दोष बरीच वर्षं पायूट आदिवासींवर ढकलला गेला. शिक्षा झाली एकट्या लीला. 1877 साली त्याच कुरणात त्याला गोळ्या घातल्या.

ब्रूक्सबाई तरुणपणी शिक्षिका असताना नेफाय जॉन्सन नावाच्या एका म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं, मला तुझ्याकडून काही लिहून घ्यायचंय. बाई म्हणाल्या, बघू, येईन. आपण म्हणतोच ना तसं. 1919 मध्ये त्या पोचल्या तेव्हा तो शेवटच्या घटका मोजत होता आणि सारखा रक्त, रक्त म्हणून ओरडत होता. मग त्यांना कळलं की हा त्या दिवशी तिथे होता. लिहून घ्यायचं राहूनच गेलं. मला वाटतं, पुढची तीस वर्षं बाई ते राहिलेलंच लिहून घेत होत्या. त्या कत्तलीवरचं त्यांचं पुस्तक 1950 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने काढलं.

आणि ते लिहिलं कसं? घरात मुलांचा गोतावळा, त्यांची, नवऱ्याची पहिली, दोघांची मिळून. टाइपरायटरशेजारी त्या इस्त्रीचे कपडे ठेवायच्या. शेजारीण आली की यंत्रावर कपडा, हातात इस्त्री. बाई लिहिते याची लाज जास्त की काय लिहिते याची भीती, देव जाणे.

मॉर्गनची गोष्ट निराळी. चौदाव्या वर्षी मेंदूज्वर झाला आणि कान गेले. फोन निरुपयोगी, समोर बसलेल्या माणसालाही चिठ्ठी लिहून बोलावं लागे. त्यामुळे तो जे काही बोलला ते पत्रांतच. युद्धाच्या काळात तो वॉशिंग्टनला भावनियंत्रणाच्या सरकारी कचेरीत होता आणि उरलेला वेळ तिथल्या दप्तरखान्यांत घालवायचा. मी पानं उलटत गेले तसं लक्षात आलं, ही पाठवलेली पत्रं तर समोरच्याकडे गेली, मग याची एवढी सगळी कशी सापडली? कार्बन! गडी प्रत्येक पत्राची स्थळप्रत ठेवायचा. मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

तिथून पुढे मला थोडं थोडं कळू लागलं. इतिहासकार एकमेकांना काय घडलं ते सांगत असतील अशी माझी कल्पना होती. हे दोघं एकमेकांना विचारत काय, तर अमक्याची रोजनिशी कुणाकडे आहे, तू पाहिलीस ती मूळ की नक्कल, नक्कल कुणी केली, काही गाळलंय का. 1930च्या दशकात सरकारी दुष्काळी कामासारख्या योजनेतून ब्रूक्सबाईंनी गावातल्या बायकांना जुन्या रोजनिशा टाइप करायला बसवलं होतं. त्या बायकांची नावं मला दिसली नाहीत. पण एखादीची ओळ सुटली असती, तर ती चूक किती पुस्तकांतून फिरत गेली असती! मी स्वतः एकदा एका आदेशात 'नाही' हा शब्द खाल्ला होता. तीन महिने तसाच अंमल झाला. कुणाला सांगितलं नव्हतं.

1945च्या अखेरीस फॉन ब्रोडी या लेखिकेचं, मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्यावरचं चरित्र निघालं. मॉर्गनने तिची हस्तलिखितं तपासून दिलेली. ब्रूक्सबाईंना मात्र स्मिथ जाणूनबुजून फसवत होता हे पटेना. मॉर्गनने उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा, की भांडण कागदाचं नाहीच, तुम्ही देव आहे धरून चालता, मी नाही धरून चालतो. मी ते पान तीनदा वाचलं. आता संबंध तुटणार असं वाटलं. पुढच्या पत्रांत पाहते तर पुन्हा त्याच चौकशा, त्याच नकला. ब्रोडीला 1946 मध्ये चर्चने काढून टाकलं. ब्रूक्सबाई राहिल्या, अगदी रविवारच्या प्रार्थनेसकट. त्या कत्तलीबद्दलची चर्चकडची काही शपथपत्रं बघायला त्या सॉल्ट लेक सिटीला गेल्या, तर ती दाखवली नाहीत. हे त्यांनी पुस्तकात नोंदवलं आणि कामाला लागल्या.

मॉर्गनला मॉर्मन लोकांचा मोठा, अनेक खंडांचा इतिहास लिहायचा होता. थोडी प्रकरणं झाली. 1971 मध्ये तो गेला. 1986 साली ती प्रकरणं पत्रांसोबत छापली गेली. पत्रंच जास्त भरली.

परत यायच्या आधी जावयाने कुरणावर नेलं. वारा बोचरा. टेकडीवर 1990 साली उभारलेली ग्रॅनाइटची भिंत आहे, तीवर मेलेल्यांची नावं. मी एकेका नावावर बोट ठेवून वाचत होते.

"आजी, मोजतेस का?" नातीने विचारलं.

"नाही गं, रुजुवात करतेय."

"म्हणजे?"

"मूळ कागदाशी ताडून बघायचं."

तिने माझ्या हाताकडे पाहिलं. हातात फक्त तिचीच लोकरी टोपी होती.