सणाची तिथी आणि सुट्टीचा वार

फिलिपाइन्सच्या राष्ट्रीय जाणिवेला जिने आकार दिला असे मानतात, ती होसे रिझालची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी एका मेजवानीने सुरू होते. ऑक्टोबरचे अखेरचे दिवस, मनिलातले कापितान तियागो यांचे घर, आणि निमित्त सात वर्षे युरोपात राहून परतलेल्या एका तरुणाचे. जेवणात तिनोला नावाचा कोंबडीचा रस्सा येतो. चांगले तुकडे पाहुण्याला मिळतात आणि पाद्री दामासोच्या ताटलीत मान व पंख येऊन पडतात. पुढच्या साऱ्या वैराची चाहूल त्या एका वाढण्यातच लागते. कादंबरी १८८७ साली बर्लिनमध्ये छापली गेली आणि लिहिली गेली ती स्पॅनिशमध्ये, घरापासून दूर असलेल्या माणसाकडून. घरच्या पंगतीचे इतके बारीक चित्र रेखाटायला लेखक पंगतीबाहेर असावा लागतो की काय, असे ते प्रकरण वाचताना मनात येते.

रिझालच्या नायकात आणि आजच्या परदेशस्थ फिलिपिनोत मात्र एक मोठा फरक आहे. तो नायक शिकायला गेला होता, श्रीमंत बापाचा वारस होता, आणि पंगत तो परतल्यावर बसली. आजची परिचारिका, मोलकरीण किंवा खलाशी घरच्यांसाठी कमवायला जाते वा जातो, आणि पंगत त्यांच्याशिवाय बसते. बहुतेकदा त्यांच्याच पैशावर. मला या लेखात विचार करायचा आहे तो या उलट्या मांडणीचा.

या मांडणीला इतिहास आहे. १९७३ साली मार्कोस राजवटीने परदेशस्थ फिलिपिनोंनी मायदेशी भेटीला यावे म्हणून 'बालिकबायान' योजना सुरू केली. 'बालिक' म्हणजे परतणे आणि 'बायान' म्हणजे गाव, मुलूख, देश, लोक, सगळे एकत्र. आपल्याकडे पूर्वी 'देश' हा शब्द जसा लवचीक होता तसा. त्यानंतर वर्षभरातच, १९७४ च्या कामगार संहितेने लोकांना परदेशी कामावर पाठवण्याची सरकारी व्यवस्था उभी केली. म्हणजे गेलेल्यांना बोलावणारी आणि असलेल्यांना पाठवणारी अशी दोन्ही दारे जवळजवळ एकाच वेळी उघडली. १९८८ साली राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या मोलकरणींपुढे बोलताना त्यांना 'नवे वीर' म्हटले. २०२३ साली परदेशातून बँकांमार्फत देशात आलेली रक्कम सुमारे ३३.५ अब्ज अमेरिकी डॉलर होती. वीर म्हटले की त्याग गृहीत धरला जातो, आणि त्याग गृहीत धरला की त्याची किंमत विचारण्याचे कारण उरत नाही. सणाच्या दिवशी ही किंमत दिसते, म्हणून सणाकडे पाहायचे.

फिलिपाइन्समधला नाताळ फार लांब असतो. सप्टेंबर लागला, की ज्या महिन्यांच्या इंग्रजी नावांच्या शेवटी 'बर' येतो ते महिने सुरू झाले म्हणून दुकानांतून गाणी वाजू लागतात. खिडक्यांत 'पारोल' लागतात, म्हणजे बांबूच्या कामट्या आणि कागदाचे चांदणीच्या आकाराचे कंदील. आपल्या आकाशकंदिलाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १६ डिसेंबरपासून २४ पर्यंत नऊ दिवस पहाटे 'सिम्बांग गाबी' असते. नाव रात्रीच्या उपासनेचे, वेळ उजाडण्यापूर्वीची. शेतावर जाण्याआधी लोकांना चर्चला येता यावे म्हणून ही वेळ ठरली असे सांगतात. आपला धनुर्मासही साधारण त्याच तारखेला लागतो. आपल्याकडे पहाटेची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी. त्यांच्याकडे चर्चच्या दाराशी केळीच्या पानावर भाजलेली तांदळाची 'बिबिंगका', जिचे नाव ऐकून गोव्याचा माणूस चमकतो. चोवीसच्या मध्यरात्री 'नोचे ब्वेना' हे घरचे जेवण. मग वर्षअखेरीस मेजावर गोल फळे मांडायची, कारण गोल म्हणजे नाणे, गोल म्हणजे बरकत.

नोकरीनिमित्त मी चार वर्षे दुबईत होतो तेव्हा आमच्या समोरच्या घरात सात फिलिपिनी स्त्रिया राहत. त्या घराला भाडेकरू नव्हते, 'बेडस्पेस' होत्या. म्हणजे जो तो आपल्या खाटेचे भाडे देई. त्यांतल्या वयाने मोठ्या बाईला सगळ्या 'आते' म्हणत. टागालोगमध्ये आते म्हणजे थोरली बहीण. आमच्या मुलीने ते ऐकले आणि मराठीतली आते समजून तीही तसेच म्हणू लागली. परिणामी मला बसल्या जागी एक बहीण मिळाली. मी हे आतेंना समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग दोन्ही भाषांत मी कामाचीच." त्यांच्या बोलण्याची रीत अशी होती. एका दवाखान्यात त्या स्वागतकक्षात काम करत. घरी नवरा, सासू आणि दोन मुली. दोन वर्षांतून एकदा महिनाभर त्या जाऊन येत.

दुबईत तेव्हा शुक्रवार सुट्टीचा असे. शनिवार-रविवारची सुट्टी २०२२ पासून आली. पहाटेची उपासना कामावर जाणाऱ्यांना जमत नसल्याने तिथे ती संध्याकाळी होई. एकदा आतेंबरोबर आम्ही गेलो होतो. आवारात उभे राहायला जागा नव्हती. अनेकजणी दुकानाच्या, उपाहारगृहाच्या गणवेशातच आलेल्या. पहाटेची वेळ गेली होती, थंडी नव्हती, बिबिंगकाही नव्हती. नऊ दिवसांचा नेम तेवढा उरला होता, आणि तो पाळण्यासाठी आते रोज पाळ्या बदलून घेत. नेमाची सोय बदलते, नेम बदलत नाही, हे मी वारीच्या बाबतीत ऐकले होते, इथे पाहिले.

पण आतेंचा खरा नाताळ चर्चमध्ये नव्हता. तो जुलैपासून त्यांच्या खाटेखाली असे. 'बालिकबायान बॉक्स' हा पुठ्ठ्याचा मोठा खोका समुद्रमार्गे जातो आणि घरच्या दारापर्यंत पोचायला कित्येक आठवडे घेतो. त्याचे भाडे वजनावर नसते, खोक्यावर असते. त्यामुळे तो भरणे ही एक कला होऊन बसते. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटे, टॉवेलांच्या घड्यांत साबण, कोपऱ्यांत डबाबंद मांसाचे डबे. प्रत्येक वस्तूवर नाव. गावाहून परतणाऱ्याने सगळ्यांसाठी काहीतरी आणायचे, त्या आणलेल्याला टागालोगमध्ये 'पासालुबोंग' म्हणतात. आपल्या 'खाऊ'चा त्यात गोडवा आहे आणि 'वानवळ्या'चा मान. त्यात कोणाला विसरणे हा अपमान असतो. आते याद्या करत, खोडत, पुन्हा करत. ज्या धर्मपुत्रांच्या त्या 'निनांग', म्हणजे धर्ममाता, होत्या त्यांची संख्या अकरा होती, आणि नाताळला निनांगकडे हात पसरायला प्रत्येकाचा हक्क असतो.

या खोक्याविषयी लिहिताना 'गतकातरता' हा समीक्षेतला आवडता शब्द आपल्या हाताशी असतो. तो मला इथे अपुरा वाटतो. गतकातरतेत माणूस मागे पाहतो. आते मागे पाहत नव्हत्या, त्या तीन-चार महिने पुढे पाहत होत्या. कोणाच्या पायाचे माप आता काय असेल, सासूच्या दातांना काय चावेल, धाकटीला अजून बाहुली चालेल का, याचे अंदाज बांधत होत्या. दूर असलेल्याचा सण हा आठवणीचा सण असतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो अंदाजाचा असतो, आणि अंदाज चुकण्याची भीती त्यात सतत असते.

फिलिपाइन्समध्ये मुलीचा अठरावा वाढदिवस हा मोठा समारंभ असतो. त्याला 'देबू' म्हणतात. अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन मुलीबरोबर नाचतात, अठरा मैत्रिणी मेणबत्त्या लावून शुभेच्छा देतात. आतेंच्या थोरल्या मुलीचा देबू २०११ साली आला आणि त्यांना रजा मिळाली नाही. सभागृहाचे भाडे, पोशाख, जेवण सगळे त्यांच्या पगारातून गेले. मनिला दुबईच्या चार तास पुढे. समारंभ तिथे संध्याकाळी सातला, म्हणजे इथे दुपारी तीनला. वार शुक्रवार, त्यामुळे आते घरीच होत्या. संगणकावरून पाहायची सगळी सोय होती. आमच्या पत्नीने विचारले, लावायचे ना? आते नको म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले, "मी फोन केला की त्यांचा सण थांबतो."

आदल्या नाताळला असेच झाले होते. फोन लागला तेव्हा घरचे जेवायला बसणार होते. मग एकेकाने पडद्यासमोर यायचे, हसायचे, ताट दाखवायचे, मला काय मिळाले ते सांगायचे. सासूला ऐकू येईना म्हणून सगळे पुन्हा. तासाभराने फोन ठेवला तेव्हा 'पानसित', म्हणजे शेवयांचा तो पदार्थ जो आयुष्य लांब व्हावे म्हणून वाढदिवसाला करतात आणि नाताळलाही करतात, थंड झाला होता. कोणी तक्रार केली नाही. तक्रार केली नाही हेच त्यांना लागले. आपल्यासाठी घरचे सण साजरा करत नाहीत, करून दाखवतात, असे त्यांच्या लक्षात आले.

त्या दुपारी त्यांनी परातभर पानसित केला आणि मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावले. टागालोगमध्ये 'हांदा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, तयार असणे आणि समारंभासाठी मांडलेले अन्न. आते म्हणाल्या, "हांदा इथेही आहे." संध्याकाळी सातच्या सुमारास मुलीनेच फोन केला. तिच्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, पाहुणे गेले होते, हातात बूट होते. समारंभाविषयी ती काहीच बोलली नाही. बूट चावत होते, एवढेच म्हणाली. ते बूट खोक्यातून गेलेले, दोन वर्षांपूर्वीच्या मापाने घेतलेले. आतेंनी कोणते बोट, कोणता पाय, असे विचारले. कापूस कुठे लावायचा ते सांगितले. पाऊण तास त्या बोलत होत्या. आमच्यापैकी कोणाला ती भाषा कळत नव्हती, पण मायलेकींचे बोलणे चालले आहे हे कळत होते.

रासेल सालाझार पारेन्यास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या 'चिल्ड्रन ऑफ ग्लोबल मायग्रेशन' या पुस्तकात फिलिपाइन्समध्ये मागे राहिलेल्या मुलांचा अभ्यास केला आहे. बाप परदेशी असला तर पैसे पाठवून तो बापपण निभावतो असे समजले जाते; आई परदेशी असली तर पैसे पाठवूनही तिचे आईपण अपुरेच धरले जाते. आतेंना हे पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

आता सुट्टीविषयी. हाँगकाँगमध्ये सुमारे दोन लाख फिलिपिनी मोलकरणी आहेत. २००३ पासून त्यांना मालकाच्या घरातच राहणे बंधनकारक आहे. तिथल्या रोजगार कायद्यातल्या वैधानिक सुट्ट्यांच्या यादीत एक नोंद अशी आहे: चिनी हिवाळी अयनाचा सण किंवा नाताळ, मालकाच्या निवडीनुसार. २०२४ पासून नाताळनंतरचा कामाचा पहिला दिवस यादीत वेगळा आला, पण ही नोंद आहे तशीच राहिली. म्हणजे तारणहाराच्या जन्माचा दिवस कोणता, हे सांगणारे पंचांग मालकाच्या खिशात. रविवारी मात्र मध्यवर्ती भागातला चेटर रस्ता वाहनांना बंद होतो आणि पुठ्ठे अंथरून हजारो जणी तिथे बसतात. जेवण, पत्ते, नाच, वाढदिवस, प्रार्थना, सगळे तिथेच. बेबी रूथ व्हिलारामा यांचा 'संडे ब्यूटी क्वीन' (२०१६) हा माहितीपट या स्त्रियांच्या रविवारच्या सौंदर्यस्पर्धांवर आहे. मुकुट घातलेल्या बाईला ठरलेल्या वेळेत मालकाच्या घरी पोचायचे असते, ही त्यातली चुटपुट विसरता येत नाही.

मराठी माणसाला हे परके वाटू नये. लालबाग-परळच्या खोल्यांतून मनीऑर्डरने गावी गेलेली ओवाळणी आपल्या माहितीची आहे, आणि शिमग्या-गणपतीला कोकणात पोचण्यासाठी चाकरमान्याने पणाला लावलेली नोकरीही. मुंबईतल्या धोबीतलावच्या 'कूड' या गोवेकर खलाशांच्या क्लबांत ज्याच्या त्याच्या गावच्या संताचे फेस्त त्या गावापासून दूर साजरे होत आले. आज त्याच गोव्याचा तारवटी जहाजावर फिलिपिनो खलाशाच्या शेजारी काम करतो. परंतु आपल्या परदेशस्थ साहित्यात, विशेषतः दिवाळी अंकांतल्या लेखांत, जो गणपती येतो तो बहुधा शनिवार-रविवारच्या सोयीने बसलेला असतो, आणि तिथी हुकल्याची हुरहूर हा त्या लेखाचा विषय असतो. हुरहूर खोटी नाही. पण ज्याने आपल्या सोयीने वार निवडला आणि जिच्यासाठी तो दुसऱ्याने निवडला, त्या दोघांच्या हुरहुरीला एकच नाव देणे मला अवघड वाटते. आखातात काम करणारा आपला सुतार, गवंडी, चालक हा या बाबतीत अमेरिकेतल्या मराठी मंडळापेक्षा आतेंना जवळचा आहे. त्याच्या सणाविषयी मराठीत फारसे वाचल्याचे मला आठवत नाही.

आणि 'बालिकबायान' या शब्दाकडे पुन्हा एकदा पाहावे. अर्थ परतलेला माणूस, पण ते नाव मिरवत खोका जातो, पाठवणारी जात नाही. आते राहत त्या रस्त्यावरच्या माल पाठवणाऱ्या दुकानांत सप्टेंबरच्या सुमारास हाताने लिहिलेले कागद लागत: नाताळपूर्वी पोचायचे असेल तर खोका या तारखेच्या आत द्या. आतेंच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत २५ डिसेंबरभोवती काहीच खूण नसे. लाल वर्तुळ असे ते त्या तारखेभोवती.