महागड्या आसनावरची तहान

गेल्या वर्षी मे महिन्यात आईला घेऊन मी लंडनला गेले. धाकटा भाऊ पंचवीस वर्षांपासून तेथे राहतो. त्याच्या मुलीचे लग्न होते. आईचे वय एक्क्याऐंशी. तिकिटे काढताना भावाने फोनवर निक्षून सांगितले, "ताई, आईला त्या अरुंद खुर्चीत दहा तास बसवायचं नाही. बिझनेस क्लासच काढतोय. तू मध्ये बोलू नकोस." मी मध्ये बोलले नाही. कराडमध्ये सत्तावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या मला त्या तिकिटाची किंमत ऐकून घाम फुटला होता. पण आईचे सुजणारे पाय डोळ्यांसमोर होते, आणि खरे सांगायचे तर आयुष्यात एकदा ते सुख अनुभवावे असे मलाही वाटत होतेच.

विमान मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास मुंबईहून सुटले. आत पाऊल ठेवताच गरम टॉवेल हातात आला, पाठोपाठ उंच पेल्यात पेय आले, मेनूची देखणी पुस्तिका आली. जाड दुलई, मऊ उशी, मोजे आणि मलमांचे चिमुकले पाकीट आसनावर मांडून ठेवलेले होते. आमची आसने खिडकीशी एकामागे एक होती. प्रत्येक आसनाभोवती खांद्यापर्यंत आडोसा आणि त्याला सरकते दार. आई कौतुकाने म्हणाली, "अगं, हे तर देव्हाऱ्यासारखं आहे. ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यात."

पहाटे तीन वाजता पांढरे कापड अंथरून जेवण सुरू झाले. सूप, सॅलड, मग पनीर, डाळ, पुलाव, नान, शेवटी गोड पदार्थ आणि चीज. वाइन हवी का, कोणती हवी, याची विचारणा तीनदा झाली. दीड तासाने दिवे मालवले. मी खुर्ची आडवी केली, दार ओढून घेतले, कानांत बोळे घातले आणि डोळ्यांवर पट्टी बांधली. रात्री-अपरात्री दारावरची घंटा वाजण्याची सवय असलेल्या डॉक्टरला अशी झोप क्वचितच मिळते. मी गाढ झोपले.

तीनेक तासांनी कोणीतरी खांदा हलवला. केबिन क्रूमधली एक मुलगी वाकून विचारत होती, "मॅडम, यादीत आपल्या नावाआधी डॉक्टर लिहिलं आहे. एका आजींना चक्कर आली आहे, जरा येता का?" डॉक्टरसाठी दोनदा घोषणा झाली होती, मी ती ऐकली नव्हती. चष्मा चढवून मी तिच्यामागे गेले. स्वच्छतागृहाच्या दाराशी जमिनीवर माझी आई पडली होती.

पुढची वीस मिनिटे माझ्यातल्या डॉक्टरने सांभाळली. आई शुद्धीवर येत होती, चेहरा पांढराफटक, अंगाला थंड घाम. तिला उताणी निजवून पाय उशांवर उंच ठेवले. विमानातल्या वैद्यकीय पेटीतून रक्तदाब मोजण्याचे यंत्र मिळाले; रक्तदाब ९० वर ५० होता. थोडा वेळ प्राणवायू दिला. पॅन्ट्रीतून साखर आणि मीठ मागवून पाणी कालवले आणि घोटघोट पाजले. क्रूमधल्या मुलींनी न गोंधळता, सांगितलेले सारे तत्परतेने केले. त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. हळूहळू नाडी भरली. मग माझ्यातली मुलगी जागी झाली आणि मी विचारले, "आई, पाणी प्यायली नव्हतीस का?"

"बाटलीचं झाकण मला उघडेना गं. तुझं दार लावलेलं. किती दिवसांनी अशी झोपली होतीस, तुला उठवायचं जिवावर आलं."

हे वाक्य मी आजही विसरलेले नाही.

वैद्यकीयदृष्ट्या त्या घटनेत गूढ असे काहीच नव्हते. विमान आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवरून उडत असले, तरी केबिनमधला हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. तरीही तो जमिनीवरच्या इतका नसतो. नियमानुसार तो फार तर ८००० फुटांवरच्या, म्हणजे सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका उतरू शकतो. आपल्या कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्पना येईल. बिझनेस क्लासमधला प्रवासीही कळसूबाईहून उंच जागी निजलेला असतो. धडधाकट माणसाला त्याने फारसे बिघडत नाही. रक्तातला प्राणवायू थोडा उतरतो इतकेच. पण वय, रक्तदाबाची गोळी, दिवसभर जेमतेम प्यायलेले पाणी, अवेळी घेतलेले जड जेवण, तीन तास आडवे पडणे आणि मग एकाएकी उठून उभे राहणे, एवढे सारे एकत्र आले की मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो. २०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागला असे प्रसंग दर ६०४ उड्डाणांमागे एक इतके आढळले, आणि त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक प्रसंग चक्कर येण्याचे किंवा शुद्ध हरपण्याचेच होते.

घरी परतल्यावर मी त्या विमान कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. उत्तरात दिलगिरी आली आणि खात्यात काही मैलांची भर पडली. पत्रातल्या सूचनांविषयी मात्र एक अक्षरही नव्हते. आज अनेक घरांतली मुले परदेशी आहेत आणि आईवडिलांना सुखाने येता यावे म्हणून पदरमोड करून अशी तिकिटे काढतात. म्हणून त्या सूचना येथे मांडते.

पहिली सूचना पाण्याची. केबिनमधली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली असते. या कोरड्या हवेने शरीरातले पाणी आटून जाते असा समज आहे. तो तितकासा खरा नाही. डोळे, नाक आणि घसा कोरडे पडतात, पण खरा तोटा होतो तो पाणी कमी प्यायल्याने. वृद्धांना तहान कमी जाणवते, आणि स्वच्छतागृहाला जावे लागेल या संकोचाने ते हात आखडता घेतात. वाइनविषयी तीनदा विचारणाऱ्या केबिनमध्ये पाण्याविषयी रात्रभर कोणी विचारू नये, हे मला सेवेतले वैगुण्य वाटते. दर तासाला एक फेरी व्हावी, जागा दिसेल त्याला न मागता पाणी मिळावे, आणि बाटली देताना तिचे झाकण सैल करून द्यावे. संधिवाताच्या बोटांना ते झाकण किती घट्ट वाटते, हे पुरवठादाराला कळणार नाही. पण सेवा देणाऱ्याला कळायला हवे.

दुसरी सूचना जेवणाची. उंचीवर हवेचा दाब घटला की पोटातला वायू प्रसरण पावतो. ८००० फुटांवर तो तिसऱ्या हिश्शाने फुगतो. अशा वेळी राजमा, पनीर आणि मैद्याचा नान हे आदरातिथ्य पोटाला जाचक ठरते. शिवाय तेथे जिभेची चव मंदावते. लुफ्तान्सा कंपनीला विमानात टोमॅटोचा रस एवढा का खपतो याचे कुतूहल वाटले, तेव्हा जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने विमानाच्या सांगाड्यात दाब कमी करून २०१० साली चाचण्या घेतल्या. खारट आणि गोड चव तेथे फिकी लागते असे दिसले. म्हणून मीठ वाढवणे हा सोपा उपाय झाला. पण पायांची सूज आणि रक्तदाब यांना तो मानवत नाही. आले, लिंबू, जिरे, कोथिंबीर यांनीही चव येते. रात्रीच्या विमानात मऊ खिचडी, कढी, भाज्यांचे सूप असे हलके जेवण अर्ध्या तासात आटोपण्याची सोय हवी. ज्याला विमानतळावर जेवून थेट झोपायचे आहे, त्याला तसे आधीच कळवता यावे.

तिसरी सूचना आसनाची. पूर्ण आडवी होणारी खुर्ची बिझनेस क्लासमध्ये ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली. तेव्हापासून साऱ्या कंपन्यांची स्पर्धा त्या खुर्चीभोवती फिरते. आडवे पडता येणे ही मोठीच सोय आहे, यात शंका नाही. पण पावले ठेवण्याचा कोनाडा इतका अरुंद असतो की कूस बदलताना गुडघा अडतो. खुर्चीची कळ काचेच्या पडद्यावर, बारीक चिन्हांत. आईला ती एकदाही जमली नाही. आणि तो उंच आडोसा! एकट्या प्रवाशाला तो हवासा वाटेल; पण वृद्ध माणूस आणि त्याची सोबत यांच्यामध्ये तो भिंत होऊन उभा राहतो. क्रूलाही आतला माणूस दिसत नाही. वृद्धांना सोबत्यालगतची मधली जोडआसने आपणहून द्यावीत, मोठी आणि हाताला सापडणारी एकच मदतीची कळ असावी, आणि रात्री दर तासाला कोणीतरी आत डोकावावे. स्वच्छतागृहात भक्कम धरकाठी आणि पायाशी मंद दिवा असावा. पलंगावर जेवढा खर्च होतो, त्याच्या मानाने हा किती!

चौथी सूचना हवेची. ती विमान निवडतानाच अमलात येऊ शकते. २०११ पासून सेवेत आलेले बोइंग ७८७ आणि त्यानंतरचे एअरबस ए३५० यांत केबिनमधला दाब सुमारे ६००० फुटांइतका राखला जातो आणि आर्द्रताही थोडी अधिक असते. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांना हा फरक मोलाचा आहे. लांबच्या रात्रीच्या मार्गांवर अशी विमाने ठेवावीत आणि तिकीट काढतानाच ते ठळकपणे सांगावे.

यांतले बरेचसे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने सिडनी विद्यापीठाच्या चार्ल्स पर्किन्स केंद्राच्या साह्याने २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी अशा दीर्घ उड्डाणांत जेवणाच्या वेळा, प्रकाश आणि हालचाल यांचा प्रवाशांवर काय परिणाम होतो हे तपासले. आपल्या नव्या ए३५० विमानांत प्रवाशांना उभे राहून अंग मोकळे करता यावे म्हणून स्वतंत्र जागा तिने आराखड्यातच राखली, आणि तीही केवळ पुढच्या महागड्या केबिनसाठी नव्हे.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. दीर्घ प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होते, तिला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' असे नाव पडले आहे. ते फसवे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो, तरीही एकूण प्रमाण सुमारे सहा हजारांत एक एवढेच राहते. कारण आहे हालचाल न करणे, आणि मऊ दुलईतही माणूस तेवढाच निश्चल पडून राहू शकतो. पडद्यापुढचे आणि पडद्यामागचे शरीर एकच. म्हणूनच प्रवाशानेही थोडी काळजी घ्यावी: दीड-दोन तासांनी घोट्यांची हालचाल करावी, शक्य असेल तेव्हा चार पावले चालावे, मद्य टाळावे, झोपेची गोळी घेऊ नये. आधी गुठळी झालेली असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कर्करोगावर उपचार चालू असतील, तर घट्ट पायमोज्यांविषयी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ॲस्पिरिन मात्र मनाने घेऊ नये. आणि आडवे पडल्यावर उठताना आधी बसावे, दोन मिनिटे थांबावे, मगच उभे राहावे. हे मी रोज रुग्णांना सांगते. त्या रात्री आईला सांगायचे राहून गेले.

परतीचा प्रवास त्याच वर्गातून झाला. या वेळी मी मधली जोडआसने मागून घेतली आणि आडोसा खाली सरकवला. जेवण भावाच्या घरीच उरकले होते. सैल झाकणाची बाटली आईच्या हाताशी होती, आणि माझ्या कानांत बोळे नव्हते. विमान सुटल्यावर थोड्या वेळाने क्रूमधली एक तरुण मुलगी आईच्या आसनाशी गुडघ्यांवर बसली आणि हिंदीत म्हणाली, "दादीजी, रात्री उठायचं झालं तर एकट्या उठू नका. ही कळ दाबा, मी येते." तिला कोणी तसे सांगितले नव्हते, माझ्या पत्राला तर तेव्हा अजून अवकाश होता. आई रात्रीत तीनदा उठली, आणि तीनही वेळा ती मुलगी आली.

कराडला परतल्यावर शेजारच्या बायका आईला विमानाविषयी विचारत होत्या. पलंग कसा होता, जेवायला काय होते, एवढे पैसे कशाचे घेतात. आईने दुलईचे नाव काढले नाही, की देव्हाऱ्याचेही नाही. ती एवढेच म्हणाली, "येताना एक पोरगी होती. रात्रभर पाण्याचं विचारत होती."