काकूंची दुपार

शरदातली बाग बघायला मला काकूंनी शिकवलं. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. साताऱ्यातल्या वाड्यात आमची आणि त्यांची भिंत एक होती, एवढंच. पण आज माझ्या हातून जी चार झाडं जगतात आणि वर्गात विज्ञान शिकवताना मला जे सुचतं, त्याचं मूळ त्यांच्या परसात आहे.

भाद्रपदात त्या परसात गुलाबी तेरडा फुलायचा, गौरींबरोबर येऊन जायचा. मागोमाग कोरांटी यायची. पण परसाचं खरं वैभव म्हणजे न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं स्थलकमळ. जास्वंद-भेंडीच्या कुळातलं, माणसाहून उंच झुडूप. पानं रुंद, लवदार, हाताला खरखरीत लागणारी. नवरात्राच्या सुमाराला ते फुलू लागे. शाळेला निघताना त्यावर पांढरी फुलं दिसत, संध्याकाळी परतताना लाल. या झाडाला दोन रंगांची फुलं येतात, अशी माझी समजूत होती.

एका रविवारी सकाळी काकूंनी नुकत्याच उमललेल्या पांढऱ्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला आणि म्हणाल्या, "जेवण झालं की ये गं." दुपारी गेले तर दोरा तोच, फूल तेच आणि पाकळ्या गुलाबी! जवळ जाऊन पाहिलं. बाहेरच्या पाकळ्यांवर रंग चांगला चढला होता. आतल्या, एकमेकींत दडलेल्या पाकळ्या अजून फिकट होत्या. शिरांची नाजूक जाळी तेवढी उठून दिसत होती. दिवेलागणीपर्यंत ते फूल गडद लाल झालं आणि दुसऱ्या दिवशी मिटून गेलं. "असं का होतं, काकू?" मी विचारलं. "मला कुठलं ठाऊक? तू शीक आणि मला सांग," त्या म्हणाल्या.

मी वनस्पतिशास्त्र घेतलं त्यामागे हे वाक्य होतं. कॉलेजात कळलं की हे झाड मूळचं चीनचं. तिथल्या चेंगडू शहराचं ते मानाचं फूल आहे आणि लिनियसनं 1753 मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. उमलताना पाकळ्यांत रंगद्रव्य जवळजवळ नसतं. दिवस चढेल तसं पेशींमध्ये अँथोसायनिन तयार होत जातं. जांभळाच्या सालीला रंग येतो तोही याच गटातल्या द्रव्यांमुळे. हवेतल्या उबेचाही त्यात वाटा असतो. पांढरं फूल फ्रिजमध्ये ठेवलं तर रंग चढायचा रेंगाळतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "मग आभाळ भरून आलं की रंगाला उशीर होतो, तो यामुळेच ना?" पुस्तकातून मी जे शिकून आले होते, त्याचा अर्धा भाग त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपून ठेवला होता. अभ्यासाला बघण्याची जोड हवी, हे मला तेव्हा उमगलं.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आले. काकूंनी दिलेली फांदी सोसायटीच्या कुंपणाशी लावली, ती फोफावली. सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं. फुलं पुन्हा पांढरी नाही तर लाल. मग एका आश्विनात आईच्या आजारपणासाठी रजा घेऊन घरी राहिले. आईची खाट खिडकीशी होती. जेवणं झाली की ती विचारायची, "कुठवर आलाय गं रंग?" मी उठून बघायची आणि सांगायची. त्या दिवसांत लक्षात आलं की गुलाबी रंग दुपारचा आहे. तो बघायला दुपारी घरी असावं लागतं. काकूंचा सारा दिवस घरच्यांसाठी जाई. भांडी घासून झाल्यावर दुपारचा एक तास काय तो त्यांचा स्वतःचा. तोच तास त्यांनी शेजारच्या एका पोरीला दिला होता. त्या देण्याची किंमत कळायला मला इतकी वर्षं लागली.

आता काकू नाहीत. फुलोरा सरला की मी झाड छाटते. पेन्सिलीएवढ्या जाड, तीन-चार डोळ्यांच्या फांद्या सावलीत ओल्या मातीत खोचते. त्या सहज रुजतात. ती रोपं शाळेतल्या मुलांना देते. याने ऋण फिटत नाही, आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही. फुलं आली की एखादं मूल धावत येतं आणि विचारतं, "बाई, असं का होतं?" उत्तर मला येत असतं. तरी मी त्याला आधी दिवसभर एकच फूल बघायला सांगते. शिकवण्याची ही रीत काकूंची आहे. मी ती फक्त पुढे चालवते.