आधार पारखून घ्यावा

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वसतिगृहाच्या आवारातील जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्या उतरवाव्या लागतात. दोराने वर चढणाऱ्या कामगाराचा जीव एका बेचक्यावर टांगलेला असतो. ते बेचके कसे निवडावे, हे आम्ही विद्यार्थ्यांना खालूनच दाखवीत आलो आहोत.

प्रथम बुंधा पाहावा. मुळाशी अळंबी उगवली असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर त्या झाडावर चढूच नये. मग जिवंत, निदान १० सेंटिमीटर जाडीची फांदी शोधावी. दोर खोडालगतच्या बेचक्यात घ्यावा, टोकाकडे नव्हे. बेचके रुंद असावे. अरुंद बेचक्यात साल आत दबते, लाकूड एकजीव होत नाही आणि भार येताच ते उकलते. शेवग्यासारख्या ठिसूळ झाडावर विसंबूच नये. शेवटी दोघांनी फांदीखालून बाजूला सरून दोर एकदम ताणून पाहावा. मगच एकाने चढावे.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते: ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. इतिहास शिकविताना आम्हांस दिसते की, जोखमीची कामे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांच्या जिवाची किंमत समाजाने क्वचितच केली. बाबासाहेबांनी तो जीव मोलाचा ठरविला. म्हणून खाली उभे राहून ‘चढ लवकर’ म्हणणाऱ्यांत आमचा विद्यार्थी नसावा. दुसऱ्याला वर पाठविण्यापूर्वी त्याचा आधार स्वतः ओढून पाहणारा असावा.