कुंपणाजवळची न्याहारी

विस्कॉन्सिनमध्ये उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी लहानलहान विमानतळांवर पंगत बसते. तिला फ्लाय-इन ब्रेकफास्ट म्हणतात. आसपासच्या गावांतले हौशी पायलट आपापली दोन-चार सीटांची विमानं घेऊन येतात, गवतावर ओळीनं लावतात आणि हँगरमध्ये पॅनकेक, अंडी, सॉसेज खातात. विमान चालवत आलेल्याकडून बऱ्याच ठिकाणी पैसे घेत नाहीत. मी सेस्ना 172 घेऊन जातो. उतरण्याआधी हजार फुटांवरून धावपट्टीला समांतर जाताना खाली मका दिसतो, सोयाबीन दिसतं. सोयाबीन दिसलं की अमरावतीजवळचं माझं गाव भातकुली आठवतं, आणि काका.

काका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाची धावपट्टी 1992 साली झाली. तिथं रोजचं विमान नव्हतंच, एखादा मंत्री आला तर छोटं विमान उतरायचं. पेपरात दौऱ्याची बातमी आली की काका मला सायकलच्या दांडीवर बसवून बडनेऱ्यावरून तिकडं न्यायचे. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नसे. घरातलं गोडं पाणी माप लावून वापरायचं, पण त्या दिवशी त्यातली एक बाटली भरून माझ्या गळ्यात अडकवलेली असे.

पहिल्यांदा विमान आलंच नाही. दुसऱ्यांदाही नाही. उन्हातून परतताना मी मुसमुसत होतो. काका पायडल मारत एवढंच म्हणाले, "आज नाही आलं तं पुढच्या बारीनं येईन. रडतं कायले?"

तिसऱ्यांदा तिथल्या चौकीदारानं आम्हाला पाहिलं. आता हाकलणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "पोट्टं इमान पाहाले आलं काय? उभे कायले रायता, बसा ना सावलीत." काकांनी शिदोरी सोडली. कळण्याची भाकर, ठेचा, कांदा. तिघांनी वाटून खाल्लं, बाटलीतलं पाणीही तिघांत. चौकीदाराच्या हातात भाकरीचा तुकडा असतानाच विमान उतरलं.

माझी पहिली फ्लाय-इन न्याहारी ती. नंतरच्या सगळ्या तिच्या मागून आल्या.

काका विमानात कधीच बसले नाहीत. मला लायसन मिळायच्या आधीच ते गेले. त्या चौकीदाराचं तर नावही मी विचारलं नाही, आणि हे मला फार लागतं. ज्यांचं फेडायचं ते समोर नसले की माणूस दुसरीकडं फेडू लागतो. अमेरिकेतल्या ईएए या हौशी वैमानिकांच्या संघटनेचा यंग ईगल्स नावाचा उपक्रम आहे. तोही 1992 सालीच सुरू झाला. 8 ते 17 वर्षांच्या मुलांना आम्ही पायलट पदरच्या खर्चानं पहिली फेरी घडवतो. माझ्या शेजारच्या सीटवर बसलेलं पोर खिडकीला नाक लावतं, तेव्हा मला दांडीवरचा मी दिसतो.

16 एप्रिल 2025 रोजी बेलोऱ्याहून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. 72 सीटांचं एटीआर विमान. एअर इंडियानं तिथं 34 विमानांची वैमानिक प्रशिक्षण संस्था उभारायला घेतली आहे. आता आकाशाकडं बघणारी पोरं वाढतील.

अमरावतीकरांनो, बेलोऱ्याच्या कुंपणाबाहेर एखादं पोट्टं उन्हात उभं दिसलं तर त्याला हाकलू नका. सावलीत बसवा आणि घोटभर गोडं पाणी द्या.